चढावर ६×२ ट्रक जागीच चाकं फिरवतो? लिफ्ट ॲक्सल कधी उचलायचा आणि कधी नाही

पावसाळा लागला, पोरं घरात अडकली की हा प्रश्न हमखास येतो. कॉम्प्युटरवरचा खेळ तोच, युरो ट्रक सिम्युलेटर २. तक्रारही तीच. ट्रक ६×२, मागे २४ टन माल, ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडकडचा एखादा चढ आणि गेममध्येही धो धो पाऊस. चढावर थांबावं लागतं आणि पुन्हा निघताना ड्राइव्हची, म्हणजे इंजिनाची ओढ मिळणारी, चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. कोणीतरी सांगितलेलं असतं, "लिफ्ट ॲक्सल (बटणाने रस्त्यावरून वर घेता येणारा ॲक्सल) उचल, सुटेल." त्यानंतर तीनपैकी एक गोष्ट होते. बटण दाबून काहीच होत नाही. किंवा ॲक्सल उचलला जातो, गाडी सुटते, पण पुढच्या वळणावर स्टिअरिंग कापूनही गाडी सरळ कठड्याकडे निघते. किंवा ॲक्सल उचलूनसुद्धा गाडी हलत नाही.

या तिन्ही तक्रारींना लोक एकच नाव देतात: "लिफ्ट ॲक्सल चालत नाही." म्हणून त्यावरचं उत्तर कधी लागू पडतं, कधी नाही, आणि पुढच्या आठवड्यात तोच माणूस तोच प्रश्न घेऊन परत येतो. तिन्हींची कारणं वेगळी आहेत. त्यातली पहिली सोपी आहे, ती आधी उरकू.

बटण दाबून काहीच होत नाही

कुडाळच्या आतेभावाचा फोन असतो तो याच जातीचा: "अरे, बटण दाबतंय तरी चाक उचलणा नाय, काय करू?" त्याला पहिला प्रश्न एकच विचारायचा: चॅसिस कुठला घेतलास?

गेममध्ये प्रत्येक ट्रकचे अनेक चॅसिस, म्हणजे चाकांच्या वेगवेगळ्या मांडणीचे सांगाडे, मिळतात आणि उचलता येणारा ॲक्सल त्यातल्या मोजक्यांनाच असतो. ४×२ ला मागे एकच ॲक्सल, तो उचलायचा प्रश्नच नाही. ६×४ ला मागचे दोन्ही ॲक्सल ओढणारे, त्यामुळे तिथेही सहसा लिफ्ट नसते. लिफ्ट हवी तर ६×२ किंवा ६×२/४ बघायचा आणि त्याच्या नावात टॅगलिफ्ट किंवा मिडलिफ्ट असं काही लिहिलंय का ते वाचायचं. हे आकडे वाचताना आपल्याकडच्या लोकांचा एक घोळ होतो. आपण टायर मोजतो: दहा टायर, बारा टायर, चौदा टायर. तिकडे जोडटायर एकच धरतात. म्हणून ६×२ म्हणजे चाकांच्या सहा जागा आणि त्यातल्या दोन ओढणाऱ्या. तिरप्या रेघेनंतरचा ४ म्हणजे वळणाऱ्या चार. "जास्त चाकं म्हणजे लिफ्ट असणारच" असं धरून कोणी थेट ८×४ वर पैसे घालतो आणि मग बटण शोधत बसतो. चॅसिस चुकला असेल तर ट्रक विकायची गरज नाही, वर्कशॉपमध्ये जाऊन चॅसिस बदलता येतो. क्विक जॉब घेऊन खेळणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवा, तिथे गाडी कंपनीची असते. ती देईल ती चालवायची, तिला लिफ्ट असेलच असं नाही.

चॅसिस बरोबर असेल तर ऑप्शन्समधल्या कीज अँड बटन्समध्ये जा. तिथे ट्रकचा ॲक्सल आणि ट्रेलरचा ॲक्सल या दोन वेगळ्या ओळी आहेत. निम्म्या लोकांचं भांडण इथेच मिटतं, कारण बटण दाबलं जातं ट्रेलरचं आणि डोळे लागलेले असतात ट्रकच्या चाकाकडे. जुन्या प्रोफाइलवर खेळत असाल तर ओळ रिकामी आहे का, किंवा तेच बटण दुसऱ्या कशाला दिलंय का, तेही बघा. स्टिअरिंग व्हीलवाल्यांची आणखी एक गंमत असते. व्हीलवर बटणं थोडी, कामं फार. मग वायपर, बीकन आणि लिफ्ट एकमेकांच्या डोक्यावर बसतात. आणि आपल्याकडे पावसात लाइट जाते-येते. लाइट परत आल्यावर गेम सुरू केला की कंट्रोलरच्या यादीत तुमचं व्हील निवडलेलं आहे ना, हे एकदा बघून घ्यायची सवय लावा.

सगळं ठीक दिसतंय, तरी बटण मुकं? मग प्रोफाइलच्या फोल्डरमधली कंट्रोल्स नावाची फाइल बाजूला काढून ठेवा. पुसू नका, नाव बदला. गेम नवी फाइल तयार करतो. स्टीमच्या क्लाउडवर प्रोफाइल असेल तर जुनी फाइल तिथून परत येऊ शकते, म्हणून आधी त्या प्रोफाइलचं क्लाउड बंद करा.

ॲक्सल उचलला की नाही हे केबिनमधून नेहमी कळत नाही. डॅशबोर्डवर दिवा असतो, पण तो कुठे आहे हे प्रत्येक ट्रकमध्ये निराळं. कीबोर्डवरचं २ दाबून बाहेरचा कॅमेरा घ्या आणि चाकाकडे बघा. चाक आणि रस्ता यांत फट दिसली की उचलला. फट बोटभरच असते, सपाट रस्त्यावर आणि उजेडात नीट दिसते.

मॉड, म्हणजे बाहेरच्यांनी गेमसाठी बनवलेली भर, लावणाऱ्यांसाठी एवढंच: आधी मॉड काढून नव्या प्रोफाइलवर गेमचा स्वतःचा साधा ट्रक चालवून बघा. तिथे लिफ्ट चालली तर गेम निर्दोष. आपल्याकडच्या ट्रकांचे मॉड बनवणारी मुलं मेहनत प्रचंड करतात, हॉर्न आणि मागची नक्षी तर अशी की हुबेहूब हायवेवरची गाडी. पण काही मॉडमध्ये लिफ्टचं चाक नुसतं दिसायला असतं, त्याच्यामागे गेमचं वजनाचं गणित जोडलेलंच नसतं. ते चाक तुमच्या बटणाने हलणार नाही. आणि एकाच ट्रकला हात लावणारे दोन मॉड एकत्र असतील तर मॉड मॅनेजरच्या यादीत जो वर तो जिंकतो. खालच्याने दिलेली लिफ्ट वरचा मॉड गिळून टाकतो. मॉड एकेक करून परत चढवले की दोषी कोण ते कळतं. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला दुसरा रस्ता नाही.

चाक फिरतं का, गाडी निघत का नाही

आता खरा विषय. ६×२ मध्ये मागे दोन ॲक्सल असले तरी इंजिनाची ओढ एकाच ॲक्सलला मिळते. दुसरा नुसता भार घ्यायला. रस्त्याला चाकाने किती जोर लावायचा हे त्या चाकावर किती वजन आहे आणि रस्ता किती धरतो यावर ठरतं. घोडे ५०० असोत की ७५०, चाकावर वजन नसेल तर ते घोडे टायर फिरवण्यातच जातात.

अंदाजी आकडे घेऊन करू, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. एकूण गाडी ४० टन. युरोपातल्या पाच-सहा ॲक्सलच्या गाडीचं नेहमीचं वजन तेवढंच धरतात. ट्रक स्वतः साडेआठ टन, त्यातले साडेपाच पुढच्या ॲक्सलवर आणि तीन मागे. ट्रेलर आपल्या पिनवरून (ज्या खिळीने तो ट्रकला जोडलेला असतो) ट्रकच्या पाठीवर १० टन टाकतो, उरलेले साडेएकवीस टन ट्रेलरच्या स्वतःच्या चाकांवर. पुढच्या ॲक्सलपासून ड्राइव्ह ॲक्सल ३.१ मीटरवर, पिन ड्राइव्हच्या ४० सेंटिमीटर मागे, आणि टॅग ॲक्सल, म्हणजे भार घेणारा, उचलता येणारा ॲक्सल, त्याच्याही मागे.

टॅग खाली असताना वाटणी साधारण अशी पडते: पुढे ५.९ टन, ड्राइव्हवर ७.६, टॅगवर ५.

चढ ८ टक्के धरा. ४० टन ओढायला चढासाठी ३.२ टनांचा जोर लागतो, वर टायर फिरवायला पाव टनाच्या आसपास. म्हणजे साधारण ३.४५ टन. ओल्या, गुळगुळीत डांबराचं घर्षण ०.४ धरलं तर ड्राइव्हची चाकं जास्तीत जास्त ७.६ च्या चार दशांश, म्हणजे ३ टन जोर लावू शकतात. लागतात साडेतीनच्या जवळ. गाडी निघणार नाही, चाक फिरणार. तुमच्या हातात काही वाईट नाही, अर्धा टन कमी पडतोय.

टॅग उचला. आता त्याचे ५ टन कुठेतरी जायलाच हवेत. पिन ड्राइव्हच्या मागे असल्यामुळे ते सगळे ड्राइव्हवर येतात, शिवाय पुढच्या ॲक्सलवरचंही थोडं काढून घेतात. नवी वाटणी: पुढे ४.२, ड्राइव्हवर १४.३. आता जोर मिळतो ५.७ टन. गाडी हसत निघते.

हे झालं गेमच्या बाहेरही खरं असलेलं गणित. युरोपात एका ड्राइव्ह ॲक्सलवर ११.५ टनांची मर्यादा आहे, आणि चढावर निघण्यापुरती ती ३० टक्क्यांपर्यंत ओलांडायची मुभा आहे. म्हणजे १४.९५ टनांपर्यंत. पण गाडीने ३० किलोमीटरचा वेग ओलांडायच्या आत ॲक्सल आपोआप खाली यायला हवा, अशी तिथल्या नियमांची अट आहे. म्हणजे खऱ्या गाड्यांमध्ये ही सोय फक्त सुटण्यापुरती आहे. गेममध्ये कोणी तुमचं वजन करायला येत नाही म्हणून लोक ॲक्सल उचलून ठेवतात आणि तसेच ऐंशीने पळतात. तिथून दुसरी तक्रार सुरू होते.

आपल्याकडचा सल्ला तिकडे का चुकतो

मुंबई-गोवा हायवेला राहणाऱ्या माणसाने लिफ्ट ॲक्सल डोळ्यांनी पाहिलेला असतो. लोट्याकडे, भोस्ते घाटाखाली, परशुरामच्या चढाला, कुठेही उभं राहा. रिकामा बारा टायर किंवा चौदा टायर जाताना एक जोडी हवेत, भरलेला जाताना सगळी जमिनीवर. ड्रायव्हरला विचारा, तो सांगेल: रिकामी असेल तर उचल, टायर वाचतो, डिझेल वाचतं, भरली की खाली. त्याच्यासाठी हे शंभर टक्के बरोबर आहे. आपल्या या गाड्या एकसंध बॉडीच्या असतात, उचलायचा ॲक्सल बहुतेक वेळा मागच्या जोडीच्या पुढे असतो, आणि तो असतोच जास्तीचा भार कायद्यात बसवायला. २०१८ साली चार टायरच्या एका ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली, चार ॲक्सलच्या गाडीचं एकूण वजन ३१ वरून ३५ च्या वर गेलं. त्या हिशोबात भरलेल्या गाडीचा लिफ्ट वर ठेवणं म्हणजे दंड आणि फाटलेले टायर, दोन्हीची तयारी.

पण गेममधला ६×२ म्हणजे ट्रेलर ओढणारा घोडा. त्याची पाठ रिकामी, सगळा भार एका पिनवर. तिथे लिफ्टला दोन कामं आहेत: रिकामा असताना टायर वाचवणं आणि भरलेला असताना ओल्या चढावर सुटायला मदत करणं. आपल्याकडचा सल्ला पहिल्या कामापुरता बरोबर आहे. दुसरं काम आपल्या रस्त्यावर दिसत नाही, म्हणून सुचत नाही. त्यामुळे एक गट भरलेल्या गाडीचा ॲक्सल कधीच उचलत नाही आणि चढावर रडत बसतो. दुसरा गट ही युक्ती एकदा शिकला की ॲक्सल खाली आणायचंच विसरतो.

सुटली, पण वळत नाही

वरच्या आकड्यांकडे परत बघा. टॅग उचलल्यावर पुढचा ॲक्सल ५.९ वरून ४.२ टनांवर आला. पावणेदोन टन गेले, आणि गेले नेमके त्या चाकांवरून जी गाडी वळवतात. मागे जास्त माल भरला की बैलगाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उठायला बघतं. हाही तोच प्रकार. गाडी उलाळ झाली आहे. सरळ रस्त्यावर कळत नाही. हेअरपिनला, आणि त्यातही चढ असताना, जेव्हा वजन अजून मागे सरकलेलं असतं, तेव्हा स्टिअरिंग फिरतं आणि नाक सरळच जातं.

इथे तुमचा ॲक्सल टॅग आहे की मिड, हे कळणं सगळ्यात महत्त्वाचं आहे. या मुद्द्यावर मी नेहमी अडून बसतो, कारण बाकी सगळे उपाय यावर अवलंबून आहेत. टॅग म्हणजे ड्राइव्हच्या मागे असलेला. मिडलिफ्ट म्हणजे ड्राइव्हच्या पुढे, पुढच्या चाकांच्या आणि ड्राइव्हच्या मधे. बाहेरच्या कॅमेऱ्यात बघून ओळखता येतो: जोडटायर असलेला ड्राइव्ह सगळ्यात शेवटी असेल तर मिड, त्याच्या मागे एक बारीक एकेरी चाक असेल तर टॅग.

मिड उचलला तर पिन ड्राइव्हच्या पुढे राहते. म्हणून वजन पुढच्या चाकांकडेही जातं आणि ड्राइव्हकडेही. समजा पुढचं ते ड्राइव्ह अंतर ३.९ मीटर आणि पिन ड्राइव्हच्या अर्धा मीटर पुढे. त्याच १० टनांतले जवळपास १.३ टन पुढे जातात, ८.७ ड्राइव्हवर. ट्रकचं मागचं स्वतःचं वजन धरून ड्राइव्हवर ११.७. टॅगइतका जोर मिळत नाही, पण वरच्या चढाला ४.७ टन मिळतात, म्हणजे पुरून उरतात. आणि स्टिअरिंग हलकं होण्याऐवजी जड होतं. गाडी आज्ञेत राहते.

मग टॅग घ्यावाच कशाला? कारण उचलला की गाडी आखूड होते. पुढच्या चाकापासून ड्राइव्हपर्यंतच मोजायचं उरतं, मागे घासत येणारं चाकच नाही, त्यामुळे डेपोत ट्रेलर मागे लावताना ती छान फिरते. मिड उचलला तरी लांबी तेवढीच राहते, वळणात फार फरक पडत नाही. अरुंद अंगणात रिव्हर्स मारून मारून वैताग आलेल्यांनी टॅग घ्यावा, डोंगरात जास्त चालवणाऱ्यांनी मिड. दोन्ही हवं असेल तर ६×४ घ्या आणि लिफ्टचा नाद सोडा. दोन ॲक्सल ओढतात, चढाला कटकट नाही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर नॉर्वेच्या रस्त्यांना ६×४ सारखं सुख नाही. पण मग हा लेख वाचायचीही गरज नाही.

चढावर थांबलात, आता निघायचं कसं

ब्रेकवर पाय ठेवून हँडब्रेक लावा आणि आधी ट्रक आणि ट्रेलर एका रेषेत आहेत का बघा. ट्रेलर वाकडा असेल तर निघतानाची अर्धी ओढ त्याला कोपऱ्यातून खेचण्यात जाते. स्टिअरिंग सरळ करा. लिफ्ट उचला आणि तो पूर्ण वर जाईपर्यंत थांबा. हवेच्या बलूनवर चालणारं काम आहे, क्षणात होत नाही, आणि घाई करणारे नेमके अर्ध्या उचललेल्या ॲक्सलवर एक्सिलेटर दाबतात. मग डिफरन्शियल लॉक लावा. लॉक नसेल तर दोन बाजूंतलं ज्या चाकाला पकड कमी ते फिरत राहतं आणि दुसरं बघत बसतं. लॉकमुळे दोन्ही चाकं एकदम फिरतात. गिअर पहिला-दुसरा, एक्सिलेटर हळू. चाक एकदा फिरायला लागलं की फिरणाऱ्या चाकाची पकड आणखी कमी होते, म्हणून चाकाचा आवाज वाढला आणि गाडी हलली नाही तर पाय आणखी दाबायचा नाही, काढायचा आणि पुन्हा हळू द्यायचा.

गाडी चालू लागली, वेग वीस-पंचवीसला आला की आधी डिफरन्शियल लॉक काढा. लॉक लावून वळण घेतलं तर दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरायला बघतात आणि गाडी वळायला नकार देते. टॅग उचललेला असेल तर दुप्पट नकार. लगेच मागोमाग लिफ्ट खाली. तीसच्या आत. खऱ्या गाडीत हे यंत्र करतं, गेममध्ये ते आपलं काम समजा आणि गाडीवर सोपवू नका. पुढे अजून तसाच चढ असेल आणि गाडी चालती असेल तरी खालीच ठेवा. चालत्या गाडीला थांबलेल्या गाडीपेक्षा कमी जोर लागतो आणि गतीही मदतीला असते. पुन्हा वेग पडायला लागला तर पुन्हा उचलता येतो.

उचलूनही सुटत नाही

इथे बहुतेक वेळा लिफ्टचा दोषच नसतो. हँडब्रेक सुटलाय का? एअर ब्रेकचं सिम्युलेशन चालू केलं असेल तर टाकीत हवा भरेपर्यंत ब्रेक सुटत नाहीत. चढावर वारंवार ब्रेक मारून हवा संपवली असेल तर इंजिन चालू ठेवून काटा वर येईपर्यंत थांबावं लागतं. ट्रेलरचं एखादं चाक कठड्याला किंवा फुटपाथला अडकलंय का, हे बाहेरच्या कॅमेऱ्याने बघा. ड्राइव्हचं एक चाक डांबर सोडून गवतावर उतरलं असेल तर वर केलेलं सगळं गणित रद्द, कारण घर्षण ०.४ राहिलेलंच नाही.

आणि एक उलटा प्रकार. गाडी रिकामी, ट्रेलरही रिकामा किंवा नाहीच, आणि तरी ओल्या रस्त्यावर चाक फिरतं. तेव्हा ड्राइव्हवर मुळातच दोन-तीन टन असतात. लिफ्ट उचला, त्याने थोडं सुधारतं, पण खरा उपाय एक्सिलेटरवरचा पाय हलका ठेवणं हाच.

एवढं करूनही हलत नसेल तर एफ ७ दाबून मदत बोलवा. पैसे जातात. जाऊ देत.

उतारावर

उतारावर सगळी चाकं जमिनीवर. यात माझ्याकडून सूट नाही. ब्रेक लावायला जितकी चाकं जास्त तितकी गाडी शांत राहते, आणि उचललेलं चाक ब्रेक लावू शकत नाही. अनेकांना न कळणारी गोष्ट अशी की रिटार्डर (पायाचा ब्रेक न वापरता वेग रोखणारी यंत्रणा) आणि इंजिन ब्रेक फक्त ड्राइव्हच्या चाकांवर काम करतात. ओल्या उतारावर, टॅग खाली असताना, ड्राइव्हवर ७.६ टन आणि रिटार्डर शेवटच्या पायरीवर असेल तर तीच चाकं घसरायला लागतात, मागून ट्रेलर ढकलतो आणि गाडी मधोमध दुमडते. लोक म्हणतात, "मग लिफ्ट उचलून ड्राइव्हवर वजन वाढवू." वाढेल, पण पुढची चाकं हलकी होतील, आणि उतारावरच्या वळणाला पुढची चाकंच हवी असतात. त्यापेक्षा रिटार्डर एक-दोन पायऱ्या कमी, गिअर खालचा आणि गरजेपुरता पायाचा ब्रेक. करूळच्या किंवा आंब्याच्या घाटात एसटीचा चालक कुठल्या गिअरमध्ये उतरतो हे खिडकीजवळ बसून ऐकलंत तर कळेल, चढलेल्याच गिअरच्या आसपास उतरतो.

ट्रेलरचा ॲक्सल

स्वतःचा ट्रेलर २०१८ पासून गेममध्ये घेता येतो आणि त्यातल्या काहींना उचलता येणारा ॲक्सल असतो. याने चढावर निघायला टॅगसारखी मदत मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. ट्रेलरचा पुढचा ॲक्सल उचलला तर भार उरलेल्या मागच्या चाकांवर आणि काही प्रमाणात पिनवर जातो, त्यामुळे ड्राइव्हला थोडा फायदा होतो, पण मूळ उपयोग रिकाम्या ट्रेलरचा आहे. भरलेल्या ट्रेलरचा उचलून वळणावर जाल तर झुकाव वाढल्यासारखा वाटेल.

गेमप्लेच्या ऑप्शन्समध्ये ट्रक आणि ट्रेलरच्या स्थिरतेचे सरकपट्टे आहेत. ते शेवटपर्यंत ओढून ठेवले की गाडी रुळावरून चालल्यासारखी चालते आणि लिफ्टचा फरक जवळपास जाणवतच नाही. अगदी खाली आणले तर वळणाला उलटायची भीती. ज्यांना वजनाचा हा खेळ अनुभवायचा आहे त्यांनी ते मधे कुठेतरी ठेवावेत, आणि एकाला जमलेली सेटिंग दुसऱ्याला सांगताना हे आकडेही सांगावेत. नाहीतर एकाची गाडी सुटते, दुसऱ्याची नाही, आणि दोघंही एकमेकांना खोटं पाडत बसतात.

यापुढे मला विचारताना

"उचलत नाय" एवढंच पाठवू नका. ट्रक कुठला, चॅसिसचं पूर्ण नाव काय, लिफ्ट टॅग आहे की मिड, माल किती टन, कुठल्या रस्त्यावर अडकलात, पाऊस होता का, मॉड कुठले आणि कुठल्या क्रमाने लावलेत, स्थिरतेच्या पट्ट्या किती, आणि बाहेरच्या कॅमेऱ्यातून बाजूने काढलेला एक फोटो. मॉड असतील तर डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या फोल्डरमध्ये लॉगची फाइल असते, तीही जोडा. गेम बंद केल्यावर लगेच पाठवा, कारण पुढच्या वेळी गेम सुरू केला की ती नव्याने लिहिली जाते.